टोगोची बाजरी, पुण्याचं काँग्रेस गवत

२०२५ च्या नोव्हेंबरात पेरूची राजधानी लिमा इथे एका कराराच्या सदस्य देशांची बैठक भरली. कराराचं नाव लांबलचक आहे: अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकसंपदेचा आंतरराष्ट्रीय करार. २००१ साली तो संमत झाला, २००४ पासून लागू आहे. नावाइतका तो किचकट नाही. ६४ पिकांची एक यादी आहे. त्या पिकांचे सरकारी बियाणं-पेढ्यांतले वाण सदस्य देशांनी एकमेकांना संशोधनासाठी आणि पैदाशीसाठी द्यायचे, आणि त्यातून कोणी धंदा केला तर नफ्यातला काही भाग सगळ्यांच्या निधीत टाकायचा. यादीत गहू, भात, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहेत. सोयाबीन, भुईमूग, टोमॅटो, ऊस नाहीत. घासाघिशीत ते बाहेर राहिले. यादी वाढवावी का, वाटा वाढवावा का, यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालू आहे. आपल्याकडे हा विषय पोचला तो मात्र दोन घोषणांच्या रूपात. एक म्हणते, आपलं बियाणं परक्यांच्या घशात घालू नका. दुसरी म्हणते, विज्ञानाला सीमा नसतात, जुनाट भीती सोडा. पहिली बाजू दुसरीला विकली गेलेली ठरवते आणि दुसरी पहिलीला अडाणी. ज्या उपाशी माणसासाठी हा करार झाला, त्याचं नाव दोन्हीकडे कोणी काढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जगातली भूक हटवायची तर धान्याच्या बोटींपेक्षा बियाणं, माहिती आणि मित्रकीटक यांची देवाणघेवाण कितीतरी जास्त कामाची आहे. ही देवाणघेवाण शास्त्रज्ञांच्या सद्भावनेवर चालत नाही. तिला परवाने, अटी, करार आणि कंटाळवाण्या बैठका लागतात. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच. आणि या टेबलावर भारताने कुलूप घेऊन जाण्यापेक्षा अटींचा कागद घेऊन जावं.

बाजरीपासून सुरुवात करू, कारण तिच्याइतकं 'आपलं' धान्य शोधून सापडायचं नाही. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी भोगीची भाजी. हे धान्य मुळात आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचं, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. पण इतकं मागे जायचीही गरज नाही. १९७२ साली हैदराबादजवळ पटणचेरूला कोरडवाहू पिकांसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, इक्रिसॅट. तिथल्या पैदासकारांनी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या चिमुकल्या देशाच्या उत्तर भागातून आलेली 'इनियादी' जातीची गावरान बाजरी लावून पाहिली, तिच्यातून निवड केली आणि आयसीटीपी ८२०३ नावाचा वाण काढला. १९८८ मध्ये तो महाराष्ट्र आणि आंध्रसाठी प्रसारित झाला. दाणा टपोरा, पीक लवकर हाती येणारं; शेतकऱ्यांनी उचलून धरला. पुढे याच वाणातली जास्त लोह असलेली झाडं निवडून 'धनशक्ती' तयार झाली आणि २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या शेतात आली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव खायला घालून अभ्यास झाला. ज्यांच्या अंगात लोह कमी होतं त्यांच्यात ते भरून निघण्याचं प्रमाण साध्या बाजरीपेक्षा जास्त दिसलं. आता ही बाजरी देशी म्हणायची की परदेशी? टोगोच्या सरकारने 'आमचं बियाणं आमच्यापाशी' म्हणून दार लावून घेतलं असतं, तर नगरच्या त्या पोरांच्या ताटात काय पडलं असतं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप बियाण्यांच्या चोरीचा नाही. तो असा: भूक हा मुळात धान्याच्या टंचाईचा प्रश्नच नाही, तेव्हा नवं बियाणं काढून काय साधणार? आक्षेप खरा आहे, निम्म्याहून जास्त खरा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२५ चा अहवाल म्हणतो की २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसं भुकेली होती, आणि २६० कोटी लोकांना सकस आहार परवडत नव्हता. त्याच वर्षी जगाला पुरून उरेल एवढं धान्य पिकत होतं. १९४३ च्या बंगालमध्ये लाखो लोक मेले, ते बाजारात तांदूळ नव्हता म्हणून नव्हे, तो विकत घ्यायची ऐपत त्यांच्यापाशी उरली नव्हती म्हणून. अमर्त्य सेन यांनी हे मांडल्यावर दुष्काळाकडे बघायची नजरच बदलली. सुदानमध्ये आणि गाझामध्ये आपल्या डोळ्यांदेखत जी उपासमार झाली, ती कोणत्याही कीटकाने किंवा तांबेऱ्याने आणलेली नाही. ती माणसांनी, नाकाबंदी करून, बंदुकीच्या धाकाने आणली. तिथे कितीही गुणी वाण दिला तरी तो पेरायचा कुठे? उलट बाजूचं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. १९७२-७३ चा महाराष्ट्राचा दुष्काळ उत्पादनाच्या आकड्यांनी पाहिला तर भीषण होता. तरी माणसं किडामुंगीसारखी मेली नाहीत. दुष्काळी कामांवर लाखो बायाबापड्यांनी खडी फोडली, हातात मजुरी आली, रेशनवर ती लाल मिलो, म्हणजे अमेरिकी ज्वारी, आली, पोरांना सुकडी मिळाली. ज्या घरांत बहात्तरचं नाव अजून निघतं, त्या घरांत मिलोच्या भाकरीला आजही नाकं मुरडतात. पण ती खायला माणसं जिवंत राहिली. रोजगार हमी जन्मली ती त्या वर्षांतून.

एवढं सगळं कबूल. पण 'भूक राजकीय आहे, म्हणून विज्ञान गैरलागू' ही उडी मला पटत नाही. वाटप बरोबर व्हायला सुद्धा माहिती लागते, आणि ती माहिती एका देशाच्या हातात मावत नाही. २००८ आठवून बघा. तांदळाचे जागतिक भाव काही महिन्यांत जवळपास तिप्पट झाले. पीक बुडालं होतं का? मुळीच नाही, जगात तांदूळ विक्रमी पिकला होता. भारताने निर्यात रोखली, व्हिएतनामने रोखली, फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी चालवली, आणि कोणाच्या कोठारात किती माल आहे हे कोणालाच धड माहीत नसल्याने सगळेच धावत सुटले. त्यातून धडा घेऊन २०११ मध्ये जी-२० देशांनी साठ्यांची आणि पिकांची माहिती एकत्र ठेवणारी एक यंत्रणा उभारली. उपग्रहाची चित्रं, हवामानाचे अंदाज, देशोदेशीच्या कृषी खात्यांचे आकडे असा तिचा शिधा. नीरस काम, वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही. इथिओपियाच्या दुष्काळानंतर १९८५ मध्ये अमेरिकेने दुष्काळाची पूर्वसूचना देणारी अशीच एक व्यवस्था सुरू केली होती. २०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये परदेशी मदत गोठवण्याचा हुकूम निघाला आणि चाळीस वर्षं चाललेली ती व्यवस्था एकाएकी अंधारात गेली. काही महिन्यांनी ती अर्धीमुर्धी परत आली. भूक राजकीय आहे म्हणणाऱ्यांनी या घटनेकडे जरा निरखून बघावं. भुकेचं मोजमाप बंद करणं याहून राजकीय कृत्य कोणतं?

दुसरं म्हणजे, भुकेलेला माणूस कोण असतो? शहरातला रिकाम्या खिशाचा माणूस, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे स्वतः पिकवून खाणारा शेतकरी. त्याच्यासाठी उत्पादन आणि वाटप या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच. त्याच्या तुकड्यात जे आलं तेच त्याचं रेशन. त्याच्या पिकावर कीड पडली तर ती थेट ताटात पडते. इथे मला कसाव्याची गोष्ट सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कसावा म्हणजे आपला शाबूकंद, टॅपिओका. दक्षिण अमेरिकेतलं पीक, पोर्तुगीजांनी आफ्रिकेत नेलं आणि तिथल्या कोट्यवधी गरिबांचं मुख्य अन्न होऊन बसलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोच्या परिसरात त्यावर एक पांढरा पिठ्या ढेकूण दिसला. तोही दक्षिण अमेरिकेतूनच आलेला, फक्त त्याचे शत्रू मागे राहिलेले. काही वर्षांत तो खंडभर पसरला, शेंडे आखडले, कंद भरेनात. फवारणी करायला या शेतकऱ्यांकडे पैसे कुठले? नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत हान्स हेरेन नावाचा स्विस कीटकशास्त्रज्ञ या कामाला लागला. त्याचं म्हणणं साधं होतं: हा ढेकूण जिथून आला तिथे तो एवढा माजत नाही, म्हणजे तिथे त्याला खाणारं कोणीतरी असणार. शोधाशोध झाली. आधी ढेकूणच भलता निघाला, दिसायला सारखा पण जात वेगळी. शेवटी १९८१ मध्ये पॅराग्वेत खरा ढेकूण सापडला आणि त्याच्या अंगात अंडी घालणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी सापडली. पॅराग्वेत तेव्हा लष्करी हुकूमशाही होती. तिथून कीटक बाहेर काढायचे, आधी इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवून ते दुसऱ्या कशाला अपाय करत नाहीत ना हे तपासायचं, मग नायजेरियात न्यायचे, वाढवायचे आणि दोन डझनांहून जास्त देशांच्या सरकारांकडून 'तुमच्या हद्दीत परदेशी कीटक सोडू का' अशी परवानगी काढायची. त्यात एकमेकांशी धड न बोलणारी सरकारं होती, यादवी चालू असलेले देश होते. परवानग्या मिळाल्या. माश्या सोडल्या. वर्षानुवर्षं ढेकूण आटोक्यात राहिला, कोणीही एक लिटर औषध न विकता. हेरेनना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ते नाव कोणाला ठाऊक नाही, याचं मला नवल वाटत नाही. जी उपासमार झालीच नाही तिची बातमी कोण छापणार?

गोष्ट इथे संपत नाही, आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. हाच ढेकूण २००८ मध्ये थायलंडमध्ये गेला. तिथे आफ्रिकेतल्या बेनिनहून माश्या पाठवल्या गेल्या. २०२० मध्ये तो केरळात त्रिशूरला सापडला आणि तामिळनाडूत पसरला. तामिळनाडूतला सेलम जिल्हा म्हणजे साबुदाण्याचं आगर. आपल्या एकादशीची, चतुर्थीची, महाशिवरात्रीची खिचडी बहुतांशी तिकडच्या शाबूकंदावर उभी आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने २०२१ मध्ये बेनिनमधून तीच माशी मागवली, विलगीकरणात तपासली आणि २०२२ च्या मार्चमध्ये सेलमच्या शेतांत सोडली. पॅराग्वेची माशी, इंग्लंडची तपासणी, नायजेरियाचा सांभाळ, बेनिनची रवानगी, आणि शेवटी उपासाची खिचडी. यात मदत कोणी कोणाला केली? दाता कोण, याचक कोण? मला तरी सांगता येत नाही, आणि देवाणघेवाणीचं खरं लक्षण मला हेच वाटतं.

आता दुसरा आक्षेप. सहकार्याच्या गोड नावाखाली बळी तो कान पिळी हाच कारभार चालतो, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. साठच्या दशकातला भारत 'बोटीतून थेट तोंडात' जगत होता. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली गहू यायचा. १९६६ मध्ये धान्याची आयात १ कोटी टनांच्या घरात गेली होती. भारताने व्हिएतनाममधल्या बॉम्बफेकीवर टीका केली म्हणून चिडलेले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाच्या बोटी महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, दोर आखडता ठेवून. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री एक वेळ न जेवण्याचं आवाहन केलं ते याच काळात. 'हरितक्रांती' हा शब्दसुद्धा निर्मळ नाही. १९६८ मध्ये विल्यम गॉड या अमेरिकी अधिकाऱ्याने तो वापरला तेव्हा सोव्हिएत रशियाच्या लाल क्रांतीला हिरवा पर्याय म्हणून वापरला होता. आणि पुण्याला तर या गव्हाची आणखी एक भेट मिळाली. पन्नासच्या दशकात इथे पहिल्यांदा नजरेत भरलेलं गाजर गवत त्या आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात. लोकांनी त्याचं नाव काँग्रेस गवत ठेवलं. अंगाला खाज, दम्याचा त्रास, माळरानं गिळंकृत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

पण याच गवताच्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. गाजर गवताचं माहेर मेक्सिकोकडचं. तिकडे त्याच्यावर जगणारा एक भुंगा आहे. तो १९८३ मध्ये रीतसर मागवला गेला, बंगळूरला तपासला गेला, दुसऱ्या पिकांना खात नाही याची खात्री झाल्यावर १९८४ मध्ये सोडला गेला. पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसतात ती त्याची करणी. त्याने गवत संपवलं नाही हे मान्य, पण शेतकऱ्यांना फुकटचा गडी मिळाला. धान्याची बोट आली तिच्याबरोबर अपमान आला आणि तण आलं. शास्त्रज्ञांची पेटी आली तिच्यातून तणावरचा उतारा आला. दोन्हींना एकाच तागडीत घालून 'परकी मदत नकोच' म्हणणं हा हिशेबातला घोटाळा आहे. ज्याच्या हातात धान्य त्याच्या हातात दोर, हे अगदी खरं. पण बियाणं एकदा शेतात रुजलं की दोर ओढायला कोणी उरत नाही.

गव्हाचंच बघा ना. अमेरिकेच्या बोटींपासून आपली सुटका कशाने झाली? ज्या बुटक्या गव्हाने झाली त्याची वंशावळ वाचताना देशाभिमानी माणसाची पंचाईत व्हावी. जपानची 'दारुमा' ही बुटकी जात, तिचा अमेरिकी 'फुल्ट्झ'शी संकर, त्याचा 'टर्की रेड'शी संकर. आणि टर्की रेड हा क्रिमियाच्या बाजूने निघालेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी १८७० च्या दशकात अमेरिकेत नेलेला गहू. या मिश्रणातून इनाझुका या जपानी पैदासकाराने काढलेला 'नोरिन १०' १९३५ मध्ये आला. युद्ध हरलेल्या जपानमधून १९४६ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञाने तो नेला. वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्यावर काम केलं, त्यांनी तो मेक्सिकोत गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांना पाठवला, आणि १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन बियाणं भारतात आलं. मेक्सिकन गव्हाचा दाणा लालसर, पोळीला न रुचणारा. आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातून कल्याणसोना, सोनालिकासारखे पोळीला शोभणारे पिवळसर वाण निवडले. १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेला गहू १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. पंजाबचं भूजल, खतांचा मारा, कोरडवाहू पिकांची झालेली उपेक्षा हे त्या क्रांतीचे दोष आहेतच, आणि ते आपल्या धोरणांचे दोष आहेत. बाहेरून आलेल्या दाण्याने आपल्याला फुकट वीज देऊन मोटारी चालवायला सांगितलं नव्हतं.

पुलमनवरून आठवलं. व्होगेल यांच्या कितीतरी आधी त्याच गावच्या महाविद्यालयात वर्ध्याचा एक तरुण शेतीशास्त्र शिकून गेला होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतला क्रांतिकारक, इंग्रज सरकार मागावर, इराणात लढला, भटकत भटकत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. तिथे त्याने मक्याच्या संकरावर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या जागी खानखोज्यांना बसवलं. ज्या इंग्रजांशी ते लढले त्यांनी त्यांना मायदेशी येऊ दिलं नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. म्हणजे मेक्सिकोचा गहू इथे रुजत होता तेव्हाच. साम्राज्यवादाचा याहून कट्टर शत्रू आपण कुठून आणणार? आणि त्या माणसाला विद्या परक्या देशात नेऊन वाटण्यात देशद्रोह दिसला नव्हता.

तिसरा आक्षेप लुटीचा. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, हे कोणी विसरू नये. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करवलं. आपल्याकडे हा किस्सा 'बघा, चोर आहेत' एवढ्यासाठी सांगतात. पण ती लढाई जिंकली कशाच्या बळावर? आजीच्या बटव्यातलं ज्ञान लपवून ठेवलं म्हणून नाही, तर ते जुन्या ग्रंथांत आणि छापील लेखांत नोंदलेलं होतं म्हणून. जे नोंदलेलं आणि सर्वांसमोर असतं त्यावर दुसऱ्याला मालकी सांगता येत नाही. जे मडक्यात झाकून ठेवलं, ते चोरीला गेलं तर तुमचं होतं हे कसं सिद्ध करणार?

आणि लूट करायला परदेशीच लागतात असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानातली वेगळी लोंबी हेरली, वर्षानुवर्षं निवडत नेली, आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' नावाचा तांदूळ दिला. एका कृषी विद्यापीठाने तो नेऊन 'शुद्ध' केला आणि आपल्या नावाने प्रसारित केला. दादाजी २०१८ मध्ये गेले तोवर सत्कार बरेच झाले. पैसा मात्र दुसऱ्यांनीच केला. तेव्हा दाणा कोणत्या सीमेपलीकडे गेला यावरून न्याय-अन्याय ठरत नाही. तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या धन्याचं नाव आणि हक्काचा वाटा गेला का, यावरून ठरतो. राहीबाई पोपेरे यांनी कोंभाळण्यात जपलेलं गावरान बियाणं मला म्हणूनच करारविरोधातलं हत्यार वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणी काय जपलं याचा तो पुरावा आहे, आणि वाटाघाटीत पुरावाच कामी येतो.

लिमात ज्याची बैठक झाली त्या करारावर माझी खरी नाराजी इथे आहे. प्रमाणित अटींनुसार, कराराखालच्या बियाणं-पेढ्यांतून घेतलेल्या वाणापासून कोणी नवा वाण काढला आणि तो इतरांना संशोधनासाठी वापरू दिला नाही, तर विक्रीच्या १.१ टक्क्यातून ३० टक्के वजा करून उरेल ते निधीत भरायचं. म्हणजे ०.७७ टक्के. मोकळा ठेवला तर देणं ऐच्छिक. एवढ्या वर्षांत वापरणाऱ्या कंपन्यांकडून आलेला पैसा अपेक्षेच्या पासंगालाही पुरत नाही. निधी चालतो तो मुख्यतः सरकारांच्या देणग्यांवर. त्यात आता दाणा हातात घेण्याचीही गरज उरलेली नाही. त्याचा जनुकक्रम संगणकावर असतो, तो वाचून प्रयोगशाळेत काम होतं आणि करार हात चोळत बसतो. विरोधकांचा हा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. मात्र त्यावरचं औषध खोलीतून उठून जाणं हे नाही. दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुक पेढीत साडेचार लाखांहून जास्त नमुने आहेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी ती एक. एवढा ऐवज ज्याच्यापाशी आहे तो याचकासारखा कोपऱ्यात का बसतो? विक्रीवर सरसकट वर्गणी, जनुकक्रमालाही तीच अट, ज्या गावातून नमुना आला त्याची नोंद बियाण्याच्या पिशवीबरोबर कायम: या मागण्या भारताने आफ्रिकी देशांना बरोबर घेऊन लावून धरल्या तर कोण किती काळ टाळणार?

मुत्सद्देगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हस्तांदोलनं येतात. २०२२ च्या जुलैत इस्तंबूलमध्ये झालेला काळ्या समुद्राचा धान्य करार तसा होता. त्यातून सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल युक्रेनच्या बंदरांतून बाहेर पडला, भाव उतरले, आणि वर्षभराने रशिया बाहेर पडल्यावर करार संपला. तीन दिवसांनी, २० जुलै २०२३ ला, भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा ४० टक्क्यांच्या आसपास. आपण दार लावलं की सेनेगलमधल्या बाईची चूल विझते. निर्यातबंदीने उत्पादकाचं काय होतं हे नाशिकच्या कांदेवाल्याला सांगायला नको. अशा ठसठशीत करारांवर माझा भरवसा कमीच आहे. मला भरवसा वाटतो तो न दिसणाऱ्या मुत्सद्देगिरीवर.

टोळधाडीचं उदाहरण घ्या. एका चौरस किलोमीटरची टोळधाड दिवसाला ३५ हजार माणसांचं अन्न फस्त करते. टोळांना व्हिसा लागत नाही. म्हणून १९६४ पासून अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत यांचा एक टोळ-आयोग आहे, आणि राजस्थानच्या सीमेवर मुनाबाव आणि खोखरापार इथे भारत-पाकिस्तानचे टोळ-अधिकारी पावसाळ्याच्या महिन्यांत समोरासमोर बसून कोणाच्या वाळवंटात किती टोळ दिसले याची माहिती एकमेकांना देत आले आहेत. दोन्हीकडच्या वाहिन्यांवर त्याच वेळी काय ओरडा चाललेला असे ते आठवा. २०२० च्या मे महिन्यात टोळ अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले, काटोलच्या संत्रा बागायतदारांनी थाळ्या वाजवल्या, डबे बडवले. थाळ्यांनी टोळ शेजारच्या शिवारात जातो, मरत नाही. तो मारायचा असतो जिथे अंडी घालतो तिथे, इराणच्या आणि बलुचिस्तानच्या वाळूत. त्या वर्षी भारताने पाकिस्तान आणि इराण दोघांनाही मॅलेथिऑन हे कीटकनाशक देऊ केलं, इराणने घेतलं. काटोलच्या बागेचं रक्षण करायचं तर शत्रूच्या वाळवंटात औषध मारायला मदत करावी लागते. हा हिशेब ज्याला भाबडेपणा वाटतो, त्याने दुसरा हिशेब मांडून दाखवावा.

सोलापूरहून हैदराबादला जाताना शहर लागायच्या आधी पटणचेरू येतं. हमरस्त्यालगत इक्रिसॅटची शेतं आहेत, आणि आत शीतगृहात १४४ देशांतून आलेले सव्वा लाखाहून जास्त नमुने छोट्या पाकिटांत पडून आहेत. टोगोची बाजरी त्यात आहे, आपल्या माळावरची ज्वारी आणि तूरही आहे. इथिओपिया, सुदान, सोमालिया यांच्या स्वतःच्या संग्रहांतली ज्वारी जेव्हा हरवली, तेव्हा त्या देशांतून पूर्वी गोळा केलेले शेकडो वाण याच शीतगृहातून त्यांना परत गेले. सोमालियाकडून त्यासाठी कोणी भाडं मागितलं नाही.